बेचिराखमध्ये राख नाही

प्रश्न असा : राजापूरकडे गावावरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जुन्या वस्तीची जोती आहेत, आदिलशाहीतली असं घरात सांगतात. जुन्या दप्तरात त्या वाडीपुढे 'बेचिराख' लिहिलंय. म्हणजे वाडी कुणी जाळली का?

एवढ्या शब्दावरून तसं म्हणता येणार नाही. मूळ शब्द फारसी, 'बेचिराग'. बे म्हणजे विना (बेघर, बेकार, बेइमान यांतला) आणि चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लावायला माणूस उरला नाही ते गाव बेचिराग. आपण नाही का म्हणत, 'घरात दिवा लावायलासुद्धा कुणी नाही'? नेमकं तेच, फक्त दप्तरी भाषेत. महसुली कागदांत ओस गावाला आजही बेचिरागच म्हणतात. बोलता बोलता ग चा ख झाला, आपल्या कानाला त्यात राख ऐकू आली आणि शब्दाला आग लागली! खरं तर 'बे' आणि 'राख' जोडली तर अर्थ 'राखेविना' असा उलटाच निघेल, आणि मधल्या 'चि'चं काय करायचं? अर्थात 'बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झालं' हे आता रुळलंय, त्याला चूक म्हणायचा हट्ट मी धरणार नाही. जुना कागद वाचताना मात्र दिवाच डोळ्यांसमोर ठेवावा.

सडा सोडायला आग कशाला हवी? जांभ्यात पाणी ठरत नाही, शिमग्यानंतर विहिरी तळ दाखवतात. देवगडकडे एका सड्यावर असंच जोतं पाहिलं होतं. गुडघाभर चिरे, करवंदीची जाळी आणि मधोमध जमिनीत पुरलेलं वायन (कांडायचं दगडी उखळ), पावसाच्या पाण्याने भरलेलं. जातं कुठे दिसलं नाही. ते डोक्यावरून नेता येतं, वायन कोण उपटणार?

जाता जाता, मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण आठवा. गुरं-कोंबड्यांसकट सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर. तेवढ्या रात्री आचरा अक्षरशः बेचिराग, आणि राख म्हणाल तर वेशीबाहेरच्या चुलींत.

तुमच्या कागदात त्या नोंदीपुढे सारा लावलाय का, तेही बघा. घरं मोडली तरी वरच्या वरकस म्हणजे हलक्या, डोंगराळ जमिनीत खालच्या गावचे लोक नाचणी-वरी करत, आणि दिवा नसला तरी वसुली चुकत नसे.