कोल्हापुरात सक्तीचे शिक्षण कधीपासून?

प्रश्न : मोफत आणि सक्तीचे शिक्षण 2009 च्या कायद्याने आले, असे माझी मुलगी शाळेत शिकते. माझे आजोबा मात्र ते कोल्हापुरात महाराजांच्या काळापासून होते, असे सांगत. यातले खरे काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही खरे आहे. 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलामुलींना हा हक्क दिला. कोल्हापूर संस्थानात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्येच प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या हंटर आयोगापुढे हीच मागणी केली होती, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये त्यासाठी मांडलेले विधेयक ब्रिटिश सरकारने मंजूर होऊ दिले नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये ही सक्ती संस्थानभर लागू केली होती.

कोल्हापूरच्या कायद्यात मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. मजुरीवर जगणाऱ्या घराला ही रक्कम जड होती. पण फी माफ केली तरी गुरे राखणारे किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणारे मूल शाळेत गेले की घरातले कामाचे दोन हात कमी होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे नुसत्या सवलतीने भागले नसते, हे पटते.

गावची शाळा संपल्यावर पुढे काय, याचा विचार तर त्याआधीच झाला होता. कोल्हापुरात राहायचे कोठे आणि जेवायचे कोठे, या दोन अडचणींपायी खेड्यातल्या मुलांचे शिक्षण अडत असे. म्हणून 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. दसरा चौकात उभे राहिले तर त्यांतली काही बोर्डिंगे आजही एकमेकांजवळ दिसतात. मुलीला ती अवश्य दाखवा.

सक्तीच्या कायद्याइतकेच मोल मी 1919 च्या हुकुमाला देतो. अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत घ्यावे, असे त्याने ठरवले. तो निघाला नसता, तर शिक्षण सक्तीचे होऊनही ही मुले गावच्या शाळेबाहेरच राहिली असती.