वाचक विचारतात : अमेरिकेची व्हिसा लॉटरी

प्रश्न : मी जळगावचा, पत्नीचा जन्म काठमांडूचा. एक एजंट म्हणतो, पंचवीस हजार द्या, ग्रीन कार्डच्या लॉटरीत दोघांची नावं घालतो. मी बी.एस्सी. आहे, ती बारावी. बसतो का आम्ही?

उत्तर : बसता, पण पत्नीच्या जन्मगावामुळे. पंचवीस हजार मात्र खिशातच ठेवा, लॉटरी सुरू असेल तेव्हा अर्ज अमेरिकी सरकारच्या साइटवर स्वतःच भरता येतो. डिसेंबर 2025 मध्ये अमेरिकेने हे व्हिसा देणं थांबवलं, तेव्हा आधी ती सुरू आहे का ते बघा.

ज्या देशातून मागच्या 5 वर्षांत 50 हजारांपेक्षा जास्त लोक कुटुंबाच्या किंवा नोकरीच्या वाटेने कायमचे गेले, तिथे जन्मलेले या डायव्हर्सिटी व्हिसातून (डीव्ही, म्हणजे हीच लॉटरी) बाद होतात. भारत त्या यादीत वर्षानुवर्षे आहे, 2026 च्या लॉटरीत (डीव्ही-2026) होता. नेपाळ नव्हता. यादी दरवर्षी नव्याने निघते, तेव्हा भरण्याआधी त्या वर्षाच्या सूचना बघा. जन्माचा देश जोडीदाराकडून घेता येतो, म्हणून अर्ज तुमच्या नावानेही चालतो. अटी तीन : दोघांची नावं अर्जात हवीत, व्हिसा दोघांना मिळायला हवा आणि अमेरिकेत प्रवेश एकत्र करायचा. दोघांनी वेगवेगळा एकेक अर्ज भरला तर संधीही दोन. पण एकाच माणसाच्या नावाने दोन अर्ज गेले, तर दोन्ही रद्द. एजंटच्या हातून हे होऊ शकतं.

शिक्षणाला बारा वर्षांची शाळा लागते, तुमची दोघांची ती आहे. दहावी-आयटीआय बारावीच्या जागी धरत नाहीत. शाळा कमी असेल तर मागच्या 5 वर्षांत 2 वर्षांचा अनुभव, तोही किमान 2 वर्षांचं प्रशिक्षण लागणाऱ्या कामाचा. रावेरहून केळीचा ट्रक दिल्लीला नेणाऱ्याचा अनुभव कितीही पक्का असो, इथे मोजत नाहीत.

फोटो 600 बाय 600 पिक्सेल, चष्म्याशिवाय, सहा महिन्यांच्या आतला. मागच्या वर्षीचाच फोटो चढवला तर अर्ज बाद होऊ शकतो. 21 वर्षांखालची अविवाहित मुलं सगळी लिहा, सोबत न येणारीही. एक नाव राहिलं की मुलाखतीत सगळ्यांचा व्हिसा जातो.

शेवटी मिळणारा कन्फर्मेशन नंबर स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. निकाल त्याच नंबरवर साइटवर दिसतो, 'तुम्ही जिंकलात' असा ईमेल कुणी पाठवत नाही. नंबर एजंटकडे राहिला तर निकाल त्याच्या हातात, आणि मग पैशांची खरी मागणी सुरू होते. नाव निघालं म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही : व्हिसा वर्षाला जास्तीत जास्त 55 हजार, नावं त्याहून जास्त काढतात. अमेरिकी सरकारच्या त्या आर्थिक वर्षाच्या शेवटी, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, व्हिसा हातात पडला नाही तर संपलं.

प्रश्न : आईवडील भुसावळचे, पण माझा जन्म कुवेतचा. पासपोर्ट भारतीय. चालेल?

उत्तर : चालेल. पासपोर्ट नाही, जन्माचा देश बघतात. कुवेतचा जन्मदाखला शोधून ठेवा. उलट, भुसावळला जन्मून कुवेतमध्ये वीस वर्षं काढलेल्याला काही उपयोग नाही.

प्रश्न : एच-वन-बी म्हणजे हीच लॉटरी का?

उत्तर : नाही. तो नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा. तिथे नाव तुम्ही घालत नाही, कंपनी घालते.