सासूबाईंची निळी-पांढरी भांडी आहेत. सेट पूर्ण करू की वेगवेगळ्या नक्षीची मिसळून टेबल मांडू?

सेट पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका. आधीच सांगून टाकते, कारण या एका वेडापायी लोकांचे पैसे जातात आणि भांडी कायमची कपाटात जातात.

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंकडून चार बशा, दोन मोठ्या प्लेटा आणि एक लांबट ताट आलंय. सगळं निळं-पांढरं, पण नक्षी एकसारखी नाही, आणि मिसळून मांडलं तर लातूरचे सोयरे हसतील अशी भीती वाटते. हसणार नाहीत. एक गोष्ट सांभाळा म्हणजे झालं: पांढरा जुळवा, निळा नाही.

निळा बहुतेक सगळ्यांचा एकाच घरचा असतो, कोबाल्ट ऑक्साइडचा. चीनमध्ये जिंगदेझेनला चौदाव्या शतकात तो भांड्यांवर स्थिरावला, कारण १३०० अंशांच्या आसपासच्या भट्टीत ग्लेझखाली (म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकाकत्या थराखाली) टिकणारे रंग मोजकेच, आणि त्यात हा सगळ्यात भरवशाचा. डच, जर्मन, इंग्रज, जपानी सगळे त्याच कोबाल्टच्या मागे लागले. त्यामुळे एक निळा जांभळ्याकडे झुकलेला, एक गडद, एक राखाडी असे तिन्ही शेजारी ठेवले तरी भांडत नाहीत.

पांढऱ्याचं तसं नाही. पोर्सेलीनचा पांढरा थंड, किंचित निळसर. बोन चायनामध्ये हाडांची राख असते, त्याचा पांढरा दुधाळ आणि उबदार. जुन्या इंग्लिश अर्दनवेअरचा, म्हणजे कमी आचेवर भाजलेल्या मातीच्या भांड्यांचा, पांढरा सायीकडे झुकलेला, आणि वर्षानुवर्षं वापरून अजून पिवळा पडलेला. थंड पांढऱ्याशेजारी सायीच्या रंगाची प्लेट आली की ती धड घासलीच नाही असं वाटतं. पाहुण्यांना कारण कळत नाही, पण टेबल मळकट दिसतं.

म्हणून सगळी भांडी सकाळी खिडकीपाशी, ट्यूबलाइट बंद करून, कोऱ्या कागदावर पालथी घाला. पाठीमागे नक्षी नसते, त्यामुळे पांढरा उघडा पडतो. थंड आणि उबदार असे दोन ढीग करा. एका पंगतीला एकच ढीग काढायचा. टेबलावरचा दिवा ४००० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगछटेचं माप) आसपासचा असू द्या. ६५०० चा दिवा सायीच्या प्लेटा आजारी दाखवतो आणि २७०० चा पिवळा दिवा निळ्यातला जीवच काढून घेतो.

सहा जणांना तीन नक्ष्या पुरे. प्रत्येक नक्षी निदान दोन ठिकाणी यायला हवी, एकदाच आलेली नक्षी चुकून आल्यासारखी दिसते. एकटी नक्षी असेल तर ते भांडं वाढायचं करून मधे ठेवा. तुमच्या लांबट ताटाची जागा तीच. गच्च नक्षीची मोठी प्लेट खाली, आणि वर फक्त काठाला नक्षी असलेली १९-२० सेंटिमीटरची. उलट मांडलं की नुसती गर्दी.

आता त्या ताटाबद्दल. "निजामकालीन आहे म्हणतात" असं तुम्ही लिहिलंय, आणि खरं तर त्या एका वाक्यापायी मी उत्तर लिहायला बसले. आपल्याकडे जुनं काहीही विकायला काढलं की ते निजामकालीन असतं. अहो, निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होतं. १९४७ साली बाजारातून आणलेली साधी कपबशीसुद्धा निजामकालीनच म्हणायची. विकत घेताना या शब्दावर एक रुपयाही जास्त देऊ नका. घरचं असो की दुकानातलं, ताट पालथं करा आणि बूड वाचा.

बुडावर नुसतं "इंग्लंड" असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा. त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकणं बंधनकारक झालं आणि कारखाने सगळ्याच मालावर ते छापू लागले. "मेड इन इंग्लंड" असं पूर्ण असेल तर विसाव्या शतकातलं धरा. "निप्पॉन" (म्हणजे जपान) असेल तर साधारण १८९१ ते १९२१, "ऑक्युपाइड जपान" असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचं. "बंगाल पॉटरीज" किंवा "हितकारी" दिसलं तर माल आपल्याच देशातला, त्यात कमीपणा काही नाही. "डिशवॉशर सेफ" दिसलं तर विक्रेत्याला चहा पाजा आणि घरी या. बुडावर काहीच नसेल तर ते फार जुनं असेल किंवा अगदीच स्वस्तातलं, त्यावरून काही ठरत नाही.

मग नक्षी बघा. पूल, पुलावर तीन माणसं, वाकलेलं झाड, वर दोन पक्षी असं असेल तर तो विलो पॅटर्न. दिसायला चिनी असला तरी तो अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये जुळवला गेला, आणि त्यासोबत सांगतात ती प्रेमकथाही तिकडचीच. नक्षी कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर छाप घेऊन तो कागद भांड्यावर दाबायचा, अशी ती पद्धत. काठाची पट्टी जिथं मिळते तिथं नीट बघितलं तर वेल अर्ध्यात तुटलेली किंवा फूल दुमडलेलं सापडतं. हा जोड दिसला तर आनंद माना, छपाई हातानं झाल्याची ती खूण. दहापट भिंगातून निळा रंग एकसारख्या बारीक ठिपक्यांच्या जाळीचा दिसला तर मात्र ते अलीकडचं छापील स्टिकर. नखाला नक्षीची कड लागली तर रंग ग्लेझच्या वर आहे आणि घासून घासून जाणार.

शेवटी आवाज. ताट तीन बोटांवर तोलून धरा आणि काठावर नखानं टिचकी मारा. पोर्सेलीन खणखणीत वाजतं, अर्दनवेअर मुळातच जरा मंद. पण आवाज बद्द, फुटका आला तर कुठंतरी तडा आहेच, डोळ्यांना दिसो न दिसो. पाठीमागून मोबाइलचा टॉर्च लावा. उजेड आरपार येत असेल तर पोर्सेलीन किंवा बोन चायना, आणि त्यात काळी रेघ दिसली तर तोच तडा. काठाचा टवका चालतो, तडा चालत नाही. टवक्याचं ताट वर्षानुवर्षं टिकतं, तड्याच्या ताटाचे गरम वरणाला दोन तुकडे होतात.

मांडणीचं म्हणाल तर परदेशी फोटो आपल्या जेवणाला उपयोगाचे नाहीत. २७ सेंटिमीटरच्या रुंद काठाच्या प्लेटीत सपाट जागा जेमतेम १७-१८ सेंटिमीटर. त्यात ज्वारीची भाकरी बसत नाही, वाट्या तर नाहीच नाही. भाकरी टोपलीत, कापडात गुंडाळून मधे. येसराची आमटी वाटीत, वाटी प्लेटीबाहेर उजवीकडे. डावीकडे मीठ, लिंबू, शेंगदाण्याची चटणी: तुमच्या चार बशा इथंच लावायच्या, कप नसल्याचं दुःख करायचं नाही. लांबट ताटात धपाटे. माणशी ६० सेंटिमीटर जागा सोडा, दीड मीटरच्या टेबलाला लांब बाजूला दोघंच बसतात, तिसऱ्याचं कोपर शेजारणीच्या वाटीत जातं.

खाली पांढरंशुभ्र कापड नको, त्यानं सगळ्याच प्लेटा पिवळ्या दिसतात. नांदेडची बिनधुलाईची खादी घ्या आणि ३५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी करा. दीड मीटरच्या टेबलाला दोन्हीकडे ३० सेंटिमीटर लोंबती धरून २१० सेंटिमीटर, खादी आटते म्हणून सव्वादोन मीटर आणा आणि आधी भिजवून मगच शिवा. हिमरूचं नक्षीदार कापड घालावंसं वाटेल, आपल्या संभाजीनगरचं आहे म्हणून. माझं ऐका, नको. नक्षीखाली नक्षी घातली की दोन्ही मरतात. फुलं झेंडूची, केशरी, बुटक्या तांब्यात, समोरच्याचं तोंड दिसेल एवढ्या उंचीची. तांबं-पितळ या निळ्याशेजारी खुलतं, स्टीलचे पेले मात्र टेबलाला खानावळ करतात.

डागांचं सांगते, कारण आपल्या स्वयंपाकात हळद आणि तेल टळत नाही. ग्लेझवर केसासारख्या चिरांचं जाळं असेल तर त्यातून तेल आत जातं आणि तपकिरी ढग उमटतात. अशा प्लेटीत नान-खलियाचा मटणाचा रस्सा वाढला की संपलंच. डाग काढायला प्लेट आधी साध्या पाण्यात काही तास बुडवा, मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ६ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, हातमोजे घालून. एका दिवसात काही होत नाही. आठवडा धरा, द्रावण मधे बदला. नंतर साध्या पाण्यात भिजवून सावलीत पूर्ण वाळवा. कपड्याचं ब्लीच अजिबात नको, त्याचे क्षार चिरांमध्ये राहतात, वाळताना फुगतात आणि ग्लेझचे पापुद्रे उडतात. चिरा नसलेल्या प्लेटीवरचा हळदीचा डाग तर नुसत्या उन्हानं फिका होतो, आणि ऊन आपल्याकडे कमी नाही. बोअरच्या पाण्याचा पांढुरका थर एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाण्यानं दोन मिनिटांत निघतो, पण सोनेरी काठाला तो हात लावू नका.

कुठं मिळतं? संभाजीनगरला शहागंजच्या बाजूला जुन्या सामानाच्या दुकानांत अधूनमधून एकेक नग दिसतो. लातूरकरांना हैदराबाद तसंही लांब नाही, गुरुवारी जुमेरात बाजार भरतो, सकाळी लवकर गाठायचा. नवं हवं तर खुर्जाचं स्टोनवेअर घ्या, रोज वापरायला दणकट. बाकी घराघरांत विचारा, वाटण्या झाल्या की कुणालाच नको असलेले नग निघतात. आणि या निळ्याचं आपल्याकडे कौतुक इंग्रजांनी आणलं असं समजू नका. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल बघा, त्याच्या भिंतींवर चकाकत्या निळ्या फरशा होत्या. गोवळकोंडा पडल्यावर १६८७ साली तिथला सुलतान अबुल हसन तानाशाह याला याच चिनी महालात कोंडलं.

जयपूरची ब्लू पॉटरी जेवायला घेऊ नका हे वर सांगायला हवं होतं. ती क्वार्ट्झची आणि काचेची पूड, मुलतानी माती, डिंक यांची असते, कमी आचेवर भाजलेली, आणि तिच्यातला फिरोजी रंग तांब्याचा असल्यानं तो कोबाल्टशेजारी वेगळाच उठून दिसतो. फुलांना ठीक, तेही आत काचेचा पेला ठेवून. जुन्या, बुडावर खूण नसलेल्या भांड्यात चिंच, दही, लोणचं असं आंबट मुरत ठेवू नका, ग्लेझमध्ये शिसं असू शकतं. धपाटे ठेवायला हरकत नाही. सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या टाकतो हे तुम्हाला ठाऊक असेलच.

राहिली किमतीची गोष्ट. वापरल्यानं मोल उतरतं असं आमच्या जाऊबाईंचं म्हणणं आहे, म्हणून त्यांच्या प्लेटा शोकेसमध्ये एकावर एक बाराच्या चळतीत. आता चिनीमातीच्या भांड्याच्या बुडाची गोल कड पुष्कळदा बिनग्लेझची, खरखरीत असते, आणि प्लेट काढता-घालताना तीच खालच्या प्लेटीच्या चकाकीवर फिरते. दोन प्लेटांमध्ये जुन्या सुती लुगड्याचे गोल तुकडे घाला, सहा-आठाच्या वर चळत करू नका, आणि महिन्यातून एकदा तरी सगळ्या प्लेटा टेबलावर येऊ द्या. जाऊबाईंची वरची प्लेट उचलून खालच्या प्लेटीवर भिंग धरा. मधोमध गोल ओरखडे दिसतील, आणि त्या प्लेटीत आजवर कुणी चमचा घातलेला नाही.