लाइक, लायक आणि लौकिक

प्रश्न असा आला आहे: ‘फ्रान्समधल्या सरकारी शाळांवरचा एक लेख मराठीत करते आहे. तिथे शाळेला जे ‘लाइक’ (धर्मसंस्थेपासून अलग) हे विशेषण लावतात त्याला काय म्हणू, निधर्मी की धर्मनिरपेक्ष? आणि त्यावरून झालेल्या ‘लाइसिते’ या नामाचा, म्हणजे त्या तत्त्वाच्या नावाचा, उच्चार नेमका कसा?’

निधर्मी तर अजिबात नको. चॅनेलवाल्यांनी हा शब्द इतका स्वस्त केला आहे की ऐकला की मी आवाज बंद करतो. मराठीत निधर्मी म्हणजे ज्याला धर्मच नाही असा माणूस, आणि बोलणाऱ्याच्या स्वरात बहुतेक वेळा शिवी असते. फ्रान्समधले गुरुजी रविवारी खुशाल चर्चमध्ये जातात. सोमवारी वर्गात आले की त्यांनी धर्माविषयी आपले मत दाखवायचे नाही, एवढेच. बंधन नेमणुकीवर आहे, माणसावर नाही.

काही शुद्धलेखनवीर मात्र या शब्दाला भलत्याच कारणासाठी हाकलतात. म्हणे निर् + धर्म, म्हणून ‘निर्धर्मी’ हवे. मग निनावी, निपुत्रिक, निकामी हे शब्द कुठे ठेवायचे? मराठीचा स्वतःचा ‘नि’ आहे, त्याला संस्कृत संधीची परवानगी लागत नाही. ‘निकामी’चे शुद्धीकरण करून ‘निष्कामी’ केलेत तर बंद पडलेला मिक्सर एकदम कर्मयोगी होईल! (निष्कामातला काम म्हणजे इच्छा, निकामीतले काम म्हणजे कर्म. नाते काही नाही.) शब्द घडला बरोबर, वापरला चुकीच्या जागी.

आता मुद्द्याचे. फ्रेंच ‘लाइक’च्या मागे लॅटिन ‘लाइकुस’ आहे, त्याच्या मागे ग्रीक ‘लाइकोस’, आणि मुळाशी ‘लाओस’ म्हणजे लोक, जनता. सांताक्लॉजमधला ‘क्लॉज’ हा निकोलसचा उरलेला तुकडा, आणि निकोलसच्या शेपटीला हाच लाओस आहे. चर्चच्या भाषेत दोनच जाती: दीक्षा घेतलेला तो ‘क्लेरिकुस’, बाकी सगळे ‘लाइकुस’. हा क्लेरिकुस तुम्हाला रोज बँकेत भेटतो. तोच आपला क्लार्क! मध्ययुगात युरोपात लिहिता-वाचता येणारा म्हणजे बहुधा पाद्रीच, म्हणून लिखापढी करणाऱ्याला पाद्र्याचे नाव चिकटले. त्याही मागे जा: ग्रीक ‘क्लेरोस’ म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. देवाच्या वाट्याचे ते क्लेरिकुस. आपला कारकून बिचारा फारसीतून आला, कार म्हणजे काम आणि कुन म्हणजे करणारा. तो जन्मापासूनच लाइक.

इथे कोणीतरी हमखास म्हणतो, लाओस म्हणजेच आपला लोक, बघा किती जुळतेय! जुळत नाही. ‘लोक’ म्हणजे मुळात मोकळी, उजेडाची जागा. त्याचे भाऊबंद लॅटिन ‘लुकुस’ (रानातली मोकळी जागा, देवराई) आणि लिथुआनियन ‘लाउकास’ (शेत). लाओसचे कूळ वेगळे आहे. ध्वनी सारखा दिसला की सोयरीक जुळवणाऱ्यांनी कोशकार म्हणवून घेऊ नये.

पण रक्ताचे नाते नसले तरी जोडी अचूक बसते, आणि म्हणून माझे मत ‘लौकिक’ला. पतंजलीने आपल्या व्याकरणग्रंथाच्या, महाभाष्याच्या, आरंभीच विचारले आहे, कोणत्या शब्दांचे अनुशासन (म्हणजे व्याकरण)? उत्तर: ‘लौकिकानां वैदिकानां च’. म्हणजे देवकार्याचे ते एकीकडे, लोकव्यवहाराचे ते दुसरीकडे, ही विभागणी आपल्याकडे तयारच होती. आपल्या संविधानाच्या हिंदी पाठात उद्देशिकेत ‘पंथनिरपेक्ष’ आहे, पण अनुच्छेद 25 मध्ये धर्माचरणाशी निगडित आर्थिक, राजकीय वगैरे व्यवहारांबरोबर ‘अन्य लौकिक क्रियाकलाप’ असेच म्हटले आहे.

‘लौकिक शाळा’ म्हटले की लोकांना नावाजलेली शाळा वाटेल, अशी हरकत येईल. येऊ दे. संतांच्या चरित्रात ‘महाराजांचे लौकिक शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते’ हे वाक्य वाचताना कोणाचा गोंधळ होतो? तिथे लौकिक शिक्षण म्हणजे शाळेतले, परमार्थाचे नव्हे ते. फ्रान्सच्या 28 मार्च 1882 च्या कायद्याने, तेव्हाचे शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांच्या कायद्याने, नेमके हेच केले. अभ्यासक्रमातले ‘नैतिक व धार्मिक’ शिक्षण काढून ‘नैतिक व नागरी’ शिक्षण घातले. वर पालकांना हवे तर त्यांनी मुलांना शाळेच्या इमारतीबाहेर धर्म शिकवावा म्हणून रविवारखेरीज आठवड्यातला आणखी एक दिवस मोकळा ठेवला. बरीच वर्षे तो गुरुवार होता. (दत्तभक्तांनी उगीच खूश होऊ नये, 1972 पासून तो बुधवार झाला.) चार वर्षांनी, 1886 च्या कायद्याने, सरकारी शाळांतले शिक्षकही धर्मसंघांबाहेरचेच असावेत असे ठरले.

चर्च आणि सरकार यांची फारकत झाली ती त्यानंतर, 1905 साली. आधी शाळा, मग सरकार. तुमच्या लेखात हा क्रम उलटा होऊ देऊ नका. आल्सास आणि मोझेल हे पूर्व सीमेवरचे प्रदेश तेव्हा जर्मनीकडे होते, म्हणून तिथल्या सरकारी शाळांत धर्माचा तास पुढेही चालू राहिला. आणि ठळक दिसणारी धर्मचिन्हे घालायला मनाई करणारा 2004 चा कायदा सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, विद्यापीठांसाठी नाही. आपल्याकडे तो सरसकट ‘फ्रान्समध्ये बंदी’ असा छापतात.

‘सर्वधर्मसमभाव’ लिहायचा मोह होईल, तो आवरा. सगळ्यांच्या प्रार्थना म्हणणारी शाळा आणि कोणाचीच न म्हणणारी शाळा, यांत फरक आहे. ‘धर्मनिरपेक्ष’ चालेल, चूक नाही. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत तोच शब्द आहे. पण ‘लाइक’मध्ये नकार नाही, लोक आहेत, आणि ते धर्मनिरपेक्षात सांडतात.

हो, उच्चार राहिलाच. ला-इ-सि-ते, चार अवयव. विशेषण लिहिताना मात्र इ ऱ्हस्व ठेवा आणि पहिल्यांदा येईल तेव्हा अवतरणात घाला. नाहीतर मुद्रितशोधक ‘लायक शाळा’ करून ठेवील.