स्टॉपवॉच आधी टेबलावरून उचला

भांडुपहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीला गणितात ९४. सोमवार ते शनिवार कॉलेज आणि दादरचा जेईईचा क्लास, रविवारी अंधेरीला गणित ऑलिम्पियाड स्पर्धेचा वेगळा. ते लिहितात: ‘तिच्या टेबलासमोर इराणी गणितज्ञ मरियम मिर्झाखानीचा फोटो लावला आहे. रोज २५ गणितं, प्रत्येकी ६ मिनिटं, स्टॉपवॉच लावून. पण पोरगी स्लो आहे. मागच्या आठवड्यात एकाच गणितावर चार दिवस घालवले, पुस्तकात मागे उत्तर छापलेलं असून. ओरडलो की रडते, जेवत नाही. मुलींचं गणित लग्नानंतर सुटतं, म्हणून जे व्हायचं ते आत्ताच व्हायला हवं. अंधेरीपेक्षा चांगला क्लास सुचवा.’ सोबत त्या चार दिवसांच्या वहीच्या पानांचे फोटो.

सप्रेम नमस्कार.

क्लास सुचवत नाही. तुमच्या पत्रात काळजीची गोष्ट एकच आहे, आणि ती तुम्ही अर्ध्या ओळीत उरकली आहे: रडते, जेवत नाही. ९४ मार्कांची मुलगी जेवणाच्या ताटावरून उठते तेव्हा प्रश्न गणिताचा उरलेला नसतो. अंधेरीचा रविवार आजपासून बंद करा. आठवड्यातला एक पूर्ण दिवस तिचा तिला मिळू दे. पंधरा दिवसांत जेवण-झोप रुळावर आली नाही, तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. ‘वय आहे, होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका.

आता तुम्ही लावलेल्या फोटोबद्दल. मिर्झाखानींच्या आयुष्यातली पदकं तुम्ही नीट वाचली आहेत. १९९४ ला हाँगकाँगच्या ऑलिम्पियाडमध्ये ४२ पैकी ४१ आणि सुवर्ण, १९९५ ला टोरांटोत ४२ पैकी ४२. २०१४ ला गणितातलं सर्वोच्च मानलं जाणारं फील्ड्स पदक, १९३६ पासून दिल्या जाणाऱ्या या सन्मानाच्या पहिल्या महिला मानकरी. २०१७ मध्ये, चाळिशीतच, कर्करोगाने गेल्या. पण त्या पदकांच्या आधीचं वाचा. तेहरानच्या या मुलीला लेखिका व्हायचं होतं. माध्यमिक शाळेत गेल्यावर एक वर्ष तिचं गणित चांगलं नव्हतं, आणि तिच्यात काही विशेष आहे असं शिक्षिकेलाही वाटलं नाही. वडील इंजिनिअर. आईवडिलांना मुलांचं काम त्यांना समाधान देणारं असावं असं वाटायचं, यशाचा आग्रह फारसा नव्हता, असं मिर्झाखानींनीच एका मुलाखतीत सांगितलं आहे.

आणि स्पर्धेचं खूळ त्या घरात आलं कुठून? शाळेत असताना तिच्या आणि रोया बेहेश्ती या मैत्रिणीच्या हाती राष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स (संगणकशास्त्र) स्पर्धेची प्रश्नपत्रिका पडली. सहा प्रश्न, तीन तासांचा पेपर. दोघी त्यावर कित्येक दिवस बसल्या आणि तीन सोडवले. हरखून गेल्या. मग मुख्याध्यापिकेकडे जाऊन म्हणाल्या, मुलांच्या शाळेत असे प्रश्न सोडवायचे वर्ग होतात, तसे आम्हालाही हवेत. बाईंनी ते सुरू केले. पुढे रोयासुद्धा गणितज्ञ झाली. वर्ग मुलींनी मागितला होता. तुमच्या घरात तो कोणी मागितला?

‘स्लो’ हा शब्द मात्र मी असाच जाऊ देणार नाही, कारण हा गैरसमज अर्ध्या मुंबईच्या घरात आहे. ६ मिनिटांचा हिशोब तुम्ही आयओक्यूएम या ऑलिम्पियाडच्या पात्रता परीक्षेवरून काढला असणार: ३० प्रश्न, ३ तास. ही सुरुवातीची चाळणी आहे. त्याच वाटेच्या शेवटी जे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड आहे, तिथे दोन दिवस मिळून सहाच गणितं असतात आणि रोज साडेचार तास. म्हणजे एका गणिताला दीड तास. संशोधनात घड्याळ नसतंच. मिर्झाखानी स्वतःला संथ म्हणायच्या. जमिनीवर मोठाले कागद पसरून तासन्‌तास त्याच त्या आकृत्या पुन्हा पुन्हा काढायच्या. त्यांच्या छोट्या मुलीला वाटायचं, आई चित्रं काढते आहे. गणितज्ञ ॲलेक्स एस्किन यांच्याबरोबरचा त्यांचा गाजलेला सिद्धांत कित्येक वर्षांच्या कामातून उभा राहिला आणि लिहून काढला तेव्हा दीडशेहून अधिक पानांचा झाला. वेग हे पेपर सोडवण्याचं कौशल्य आहे, सरावाने येतं. अडलेल्या जागी चार दिवस टिकून राहणं शिकवता येत नाही, आणि तुमच्या मुलीकडे ते आहे. तुम्ही तक्रार म्हणून पाठवलेली पानंच याचा पुरावा आहेत.

ती पानं शांतपणे पाहा. प्रश्न असा: कोणत्या संख्या दोन किंवा अधिक लागोपाठच्या नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येतात? १५ म्हणजे ७+८, ४+५+६, आणि १+२+३+४+५ सुद्धा. पहिल्या दिवशी तिने १ ते ६४ चा तक्ता केला. दुसऱ्या दिवशी २, ४, ८, १६, ३२, ६४ भोवती गोल: या काही केल्या येत नाहीत. तिसरा दिवस नुसती खाडाखोड. चौथ्या दिवशी एका ओळीत कारण सापडलं आहे. पहिली आणि शेवटची संख्या मिळवा, एकूण जितक्या संख्या आहेत तितक्याने गुणा, बेरजेची दुप्पट मिळते. या दोन गुणकांतला एक नेहमी विषम असतो आणि तो १ पेक्षा मोठा असतो. २, ४, ८ यांची कितीही दुप्पट करा, १ सोडून विषम गुणक मिळणारच नाही. संपलं. मागे छापलेलं उत्तर ‘२ चे घात सोडून सगळ्या’ एवढंच आहे. तिने ‘का’ शोधलं. १ ते १०० ची बेरीज जोड्या लावून ५०५० कशी येते हे मोठ्या भावाने सांगितलं, ती मिर्झाखानींची गणिताची पहिली आठवण होती. तुमच्या मुलीची युक्ती त्याच जोड्यांची आहे. पुढे मिर्झाखानींनी प्रबंधात पृष्ठभागावरच्या, ताणलेल्या दोऱ्यासारख्या, स्वतःला न छेदणाऱ्या बंद वाटा मोजल्या. मेदूवड्याला दोन भोकं असावीत तशा घडणीच्या पृष्ठभागावर, लांबीची मर्यादा पुरेशी मोठी असताना दुप्पट केली, की अशा वाटा जवळपास ६४ पट होतात. तिथेही आधी मोजदाद, मग ‘का’.

लग्नाचं वाक्य. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठात एम.ए.ला पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळालं, पीएच.डी. झाली १९८१ मध्ये, लग्न-मुलं-संसारानंतर. मधली वर्षं घरच्या जबाबदाऱ्यांत गेली, हे मी कौतुकाने सांगत नाही. पण गणित सुटलं नाही. मुलीचं गणित लग्नानंतर सुटू नये असं खरंच वाटत असेल, तर त्याची तयारी सतराव्या वर्षी रडवून होत नाही. घरात तिचा वेळ तिचा मानला जातो, ही सवय तिला तुमच्याकडूनच लागायला हवी.

वाटा सगळ्यांना माहीत आहेत, एका दमात सांगते: आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षा, आयसर या विज्ञान संस्थांची चाचणी, कलिनाच्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या केंद्रासाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा, नाहीतर मुंबईतलं चांगलं बी.एस्सी. आणि सुट्टीत एमटीटीएसचं गणिताचं शिबिर. यातल्या कशालाही ऑलिम्पियाडचं पदक लागत नाही. जेईईचा दादरचा क्लास ठेवायचा की नाही हे तिला विचारा, आणि ती इंजिनिअरिंग म्हणाली तरी ऐका. साहित्य म्हणाली तरी.

फोटो तुम्ही काढू नका, ठेवायचा की नाही ते ती ठरवेल. स्टॉपवॉच मात्र तुम्ही उचला. आणि रविवारी चहाच्या वेळी वही मागून घ्या, चौथ्या दिवसाची ती ओळ तिच्याकडून समजून घ्या, तुम्हाला कळेपर्यंत. मग विचारा, ४५ किती प्रकारे लिहिता येतो. पाच प्रकार आहेत. ती तीनवर अडकली तर सांगू नका, आणि किती वेळ लागला तेही मोजू नका.