आजीची मंडळी

प्रिय बाळ,

गेल्या शनिवारी गाडीत तू विचारलेस, की घराच्या कोपऱ्यावर चर्च असताना आपण महिन्यातून एकदा दीड तास प्रवास करून मराठी प्रार्थनासभेला का जातो, आणि आजी फोन ठेवताना दर वेळी "मंडळीला सलाम सांग" असे का म्हणते. बर्फामुळे माझे सारे लक्ष रस्त्याकडे होते आणि उत्तर अर्धवट राहिले. ते आता लिहिते.

'सलाम' हे आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांचे भेटीचे अभिवादन. मराठी पवित्र शास्त्रात चर्चला 'मंडळी' म्हटले आहे, आणि घरची मंडळी, पंगतीला बसलेली मंडळी असे आपण म्हणतो, तोच हा शब्द. त्यामुळे आजीच्या मनात त्या शब्दाबरोबर आधी माणसे येतात, भिंती आणि घंटा मागाहून.

अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्याला अनेकदा भाऊबंद आणि गावची पंगत दोन्ही दुरावत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा स्वतःचा संसारही काही वर्षे दुभंगला होता. अशांना मंडळी हेच गोत झाले. आपण सभेत टाळ घेऊन जमिनीवर बसून जी भजने म्हणतो, त्यांतली कितीतरी टिळकांची आहेत. पुढे १९१७ साली त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. मला हे त्यांच्या कवितेइतकेच मोठे वाटते.

मंडळीची सेवा म्हणजे काय, ते मी पीक हाती आल्यावरच्या हंगामाच्या सणात पाहिले. लोक बाजरीची कणसे, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी वेदीपुढे आणून ठेवत आणि उपासना संपली की त्यांचा लिलाव होई. एका वर्षी तुझ्या आजोबांनी एक लाल भोपळा बोली लावून घेतला, पैसे भरले आणि तो पुन्हा लिलावाला ठेवला. दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत त्या एका भोपळ्याने मंडळीच्या पेटीत चार वेळा पैसे टाकले. आदल्या दिवशी सतरंज्या झटकायला पाळकसाहेबांच्या पत्नीपासून सगळ्या बायका पदर खोचून उभ्या असत, आणि आजी त्या धुळीने दोन दिवस शिंकत असे.

कोपऱ्यावरच्या चर्चमधले लोकही आपलेच विश्वासी बांधव आहेत, म्हणून तर रविवारी आपण तेथे जातो. आपल्या सभेत कधीकधी उपदेशापेक्षा मटणाच्या रश्श्याचीच चर्चा अधिक होते, हे तुझे म्हणणेही मी नाकारत नाही. पण तुला ताप होता, तेव्हा रात्री अकराला भाताचा डबा घेऊन दारात उभे राहिलेले काका त्याच सभेतले होते.

पुढच्या महिन्याची सभा आपल्याकडे आहे. टाळांची एक दोरी तुटली आहे, तेवढी शनिवारच्या आत बांधून ठेव.

तुझी,
आई