मुलांच्या सुरक्षेसाठी फोनमधले फोटो तपासले, तर खासगीपणाचं काय?

तपासणी कशी होते, त्यावर आहे. ॲपलची ऑगस्ट २०२१ मधली योजना घ्या. आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत, चढणाऱ्या फोटोचा डिजिटल ठसा (चित्रावरून बनणारा आकड्यांचा संकेत) फोनमध्येच काढायचा आणि बाल लैंगिक अत्याचाराच्या आधीच माहीत असलेल्या चित्रांच्या ठशांशी ताडून पाहायचा. साधारण ३० फोटो जुळल्याशिवाय ॲपलच्या माणसालाही काही दिसणार नव्हतं. बाळाच्या आंघोळीचा तुमचा फोटो ओळखणं हे त्या यंत्रणेचं कामच नव्हतं. तरी ओरड झाली, आणि रास्तच होती: उद्या एखाद्या सरकारने त्या ठशांच्या यादीत आंदोलनाची पोस्टर्स घुसवली, तर फोनला काय कळणार? डिसेंबर २०२२ मध्ये योजना गुंडाळली गेली.

गूगल मात्र नवे फोटोही ओळखू पाहतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने डॉक्टरांना पाठवायला आजारी मुलाच्या गुप्तांगाचा फोटो काढला, तर खातं बंद, वर पोलीस चौकशी! पोलिसांना गुन्हा दिसला नाही, तरी गूगलने खातं परत दिलं नाही.

मला ॲपलच्या मेसेजेस ॲपमधला मार्ग बरा वाटतो. मुलाच्या फोनवर नग्न चित्र आलं की ते तिथेच धूसर होतं, ॲपलला पत्ताही लागत नाही. अर्थात, चित्रं साठवणारा गुन्हेगार याने सापडत नाही.